पाणी भरलेलं, परस रिकामं: पक्षी येईनासे झाले की काय काय तपासायचं

"दीड महिना झाला, रोज पाणी भरते, मूठभर बाजरी टाकते, पण चिमणी म्हणून फिरकत नाही. माझंच काही चुकतंय का गं?" असा फोन मला वर्षातून आठ-दहा वेळा येतो. ऊन तापायला लागलं आणि 'पक्ष्यांसाठी पाणी ठेवा' असे संदेश फिरायला लागले की जास्तच. आमचं घर पुण्याच्या पश्चिमेला, बावधनच्या बाजूला. मागे वीस बाय बारा फुटांचं परस, पलीकडे एक रिकामा प्लॉट, त्यामागे टेकडी. एवढ्याशा जागेत गेल्या चौदा वर्षांत मी हा बिघाड स्वतःकडे चार वेळा आणि दुसऱ्यांच्या परसांत वीस-पंचवीस वेळा निस्तरलाय. मी पक्षितज्ज्ञ नाही. पण तोच पंप वीस वेळा खोललेल्या मिस्त्रीला जेवढं कळतं, तेवढं आता कळायला लागलंय.

सगळ्यांची एक खोड सारखी असते: सुरुवात महागड्या उपायापासून. नवा फीडर, लाकडी घरटी, कुठल्यातरी परदेशी बिया. आपण उलटीकडून जाऊ. आधी फुकटातलं तपासायचं, मग पन्नास रुपयांचं, आणि वर्षभर वाट बघायला लावणारं काम सर्वांत शेवटी.

आधी लक्षण नीट सांगा

'पक्षी येत नाहीत' हे लक्षण नव्हे, ती कुरकुर झाली. नेमकं काय होतंय? मला भेटलेले प्रकार असे:

- पहिल्या दिवसापासून कोणी आलेलंच नाही.
- यायचे, पण एकाएकी थांबले.
- येतात, शेवग्यावर नाहीतर वायरीवर बसून भांड्याकडे बघतात, ओरडतात आणि न उतरताच जातात.
- येतात ते फक्त पारवे.
- सकाळी भांडं रिकामं सापडतं, पण आलेलं कोणी दिसत नाही.
- एकच पक्षी दिवसभर खिडकीच्या काचेला धडका देतोय.

तिसऱ्या प्रकारात दोष बहुतेक जागेचा असतो, चौथ्यात खाण्याचा. दुसऱ्यात पुष्कळदा दोषच नसतो. तरीही तपासण्या क्रमानेच करा. माझ्याकडे दोन दोष एकदम होते. मी फक्त वरचा काढला आणि तीन महिने डोकं धरून बसले.

तपासणी पहिली: कॅलेंडर आणि घड्याळ (खर्च शून्य)

निम्मे फोन इथेच मिटतात.

जूनअखेर ते सप्टेंबर पाणी सगळीकडे असतं. पानांवर, खड्ड्यात, पन्हळीत. किडे-अळ्यांचीही चंगळ. अशा वेळी तुमच्या भांड्याकडे कोण कशाला येईल? ऑक्टोबरचं ऊन पडलं की तेच बुलबुल परत रांग लावतात. विणीनंतर, साधारण श्रावण-भाद्रपदात, बऱ्याच पक्ष्यांची जुनी पिसं झडून नवी येतात. त्या दिवसांत ते गप्प असतात आणि झाडोऱ्यात लपून राहतात. मार्च ते जुलै पहाटे साडेपाचला शेंड्यावर बसून गल्ली उठवणारा दयाळ तेव्हा परसात असूनही नसल्यासारखा असतो. पाहुण्यांचा हिशेब वेगळाच. करडा धोबी सप्टेंबरात येतो, भोरड्यांचे थवे आणि लाल छातीचा माशीमार हिवाळाभर असतात, एप्रिलपर्यंत निघून जातात. ते एप्रिलमध्ये 'गायब' झाले तर भांड्याला बोल लावू नका.

आता घड्याळ. बहुतेक लोक चहा-नाश्ता उरकून दहा वाजता खिडकीशी येतात, तोवर पक्ष्यांचा पहिला बाजार उठलेला असतो. सूर्योदयापासून दोन तास आणि मावळतीच्या आधीचा एक तास, ही खरी वेळ. चैत्र-वैशाखात मात्र दुपारी बारा ते तीन पाण्यावर चांगली वर्दळ असते. नेमके तेव्हाच आपण पडदे ओढून पडलेले असतो.

म्हणून सात दिवस हे करा: तीच खुर्ची, सकाळी सातला पंधरा मिनिटं, दुपारी एकला पंधरा मिनिटं. वहीत लिहा, शून्य आलं तर शून्य लिहा. दर फेब्रुवारीत चार दिवस परसातल्या पक्ष्यांची जागतिक गणना होते, भारतातले लोक २०१३ पासून तीत भाग घेतात. तिथेही एका जागी किमान पंधरा मिनिटं मोजा असंच सांगतात. सात दिवसांची वही समोर असली की 'हल्ली काहीच येत नाही' हे वाक्य टिकत नाही. एका काकूंच्या वहीत सात दिवसांत अकरा जाती निघाल्या. त्यांना हव्या होत्या फक्त चिमण्या.

आणि एकाएकी सगळं सामसूम झालं असेल तर वर बघा. शिक्रा, म्हणजे लहान पक्ष्यांवर झडप घालणारा शिकारी पक्षी, एखाद्या झाडावर बसायला लागला की खार एकसुरी चिटचिट करत राहते, बुलबुल भांडल्यासारखे ओरडतात आणि मग सगळं परस मुकं होतं. शिक्रा दोन-चार दिवसांत पुढे सरकतो. शेजारच्या झाडावर कावळ्याचं घरटं असेल तर जास्त दिवस लागतात, कारण कावळे एप्रिल-जुलैच्या सुमारास घरट्याभोवती कुणाला उभं करत नाहीत. दोन्हींत आपण करण्यासारखं काही नाही. पितृपक्षात हाच कावळा पानाजवळ यावा म्हणून आपण हात जोडून उभे राहतो, तेव्हा तो ढुंकून बघत नाही, ती गोष्ट निराळी.

तपासणी दुसरी: भांडं (खर्च शून्य ते शंभर रुपये)

मधलं बोट भांड्यात उभं धरा. कडेला पाणी एक पेर आणि मध्ये दोन पेरं, म्हणजे अडीच ते पाच सेंटिमीटर. याहून खोल भांडं पिण्यापुरतं चालेल, आंघोळीला नाही. चिमणी, शिंजीर, चष्मेवाला यांना पोहता येत नाही आणि ओली पिसं जड होतात, त्यामुळे पाय टेकल्याशिवाय ते पाण्यात उतरतच नाहीत. वाढदिवसानिमित्त वाटली जाणारी चकचकीत, खोल मातीची भांडी दिसायला छान असतात, पण आतून गुळगुळीत आणि कडेने उभी. पक्षी काठावर बसतो, वाकतो, घसरतो, जातो. फेकू नका. तळाला खापराचे तुकडे आणि मध्ये एक चपटा दगड ठेवा, काम झालं. कुंडीखाली ठेवायची मोठी मातीची ताटली मात्र सर्वांत उत्तम.

स्टीलची परात उन्हात ठेवली असेल तर दुपारी तिला हात लावून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्यांनाही बसतो. नवं सिमेंटचं भांडं आणलं असेल तर आठवडाभर पाणी भरून, रोज ओतून टाकत राहा. कोऱ्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो.

पाणी दर दोन दिवसांनी बदला. कारणं दोन. एकाच पाण्यात विष्ठा, पिसं आणि दाण्यांचा लगदा साचला की आजार एकाकडून दुसऱ्याकडे जातात. शिवाय डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. दोन दिवसांच्या पाण्यात ते जमत नाही. पालिकेची माणसं पावसाळ्यात तपासायला आली आणि भांड्यात अळ्या वळवळताना दिसल्या, तर 'पक्ष्यांसाठी ठेवलंय' हे उत्तर चालत नाही, आणि चालूही नये. साबण नको. नारळाच्या काथ्याने खसखसून घासा, उन्हात पालथं टाका. मी दोन ताटल्या ठेवते: एक भरलेली, एक वाळत.

एवढं करूनही पहिल्या दिवसापासून कोणीच येत नसेल तर माझा हुकमी उपाय करा. शंकराच्या पिंडीवर असते ना गळती, तशी भांड्यावर टांगा. तांब्याचं अभिषेकपात्र लागत नाही. एक लिटरची प्लास्टिकची बाटली, बुडाला सुईचं भोक, झाकण किंचित सैल. सेकंदाला एखादा थेंब पडला पाहिजे. साचलेलं पाणी पक्ष्याला वरून उडताना नुसतं चमकताना दिसतं, पडणारा थेंब मात्र हलतो आणि वाजतो. शेजारच्या गल्लीत एका भांड्याकडे पाच महिने कोणी बघितलं नव्हतं. गळती टांगल्याच्या तिसऱ्या दिवशी नाचण आला, शेपटीचा पंखा करून थेंबाभोवती गिरक्या घेत बसला.

तपासणी तिसरी: जागा (खर्च शून्य, गुडघे दुखतील)

गुडघ्यावर बसा. खरंच बसा. डोळे मांजराच्या उंचीला आणा आणि भांड्याकडे बघा. कुठून दबा धरता येईल? कढीपत्त्याच्या बुंध्यामागून? पाण्याच्या टाकीच्या आडून? दीड-दोन मीटरच्या आत अशी आडोशाची जागा असेल तर पक्ष्याने ती तुमच्याआधी हेरलेली असते. झाडावर बसून ओरडून जाणारे बुलबुल बहुधा हेच सांगत असतात.

उलट, भांडं अगदी उघड्यावर, फरशीच्या मधोमध ठेवलं तरी ते येत नाहीत. भिजलेल्या पक्ष्याला पटकन झेप घेऊन बसायला जवळ फांदी लागते. म्हणून माप असं: भांड्याभोवती दोन-अडीच मीटर मोकळं आणि त्यापलीकडे लगेच झुडूप. वर लोंबणारी एखादी बारीक फांदी असली तर सोन्याहून पिवळं, पण तिच्यावरून मांजराला चालता येता कामा नये.

मांजर पक्कं मुक्कामाला असेल तर भांडं कमरेच्या उंचीला, गुळगुळीत पाइपवर बसवा आणि खाली बोगनवेलीच्या छाटलेल्या काटेरी फांद्या पसरा. सातभाई, होले यांना जमिनीवरचं पाणी आवडतं, त्यांच्यासाठी दुसरं भांडं खाली ठेवायचं ते दिवसभर माणसांचा वावर असतो अशा बाजूला. सातभाई येतात ते सात-आठ जणांच्या टोळीने, आणि एकजण उंचावर बसून पहारा देतो, त्यामुळे त्यांची मला फार काळजी वाटत नाही.

भांडं हलवलं तर दोन आठवडे तिथेच राहू द्या. रोज नवी जागा शोधणाऱ्यांचं परस कायम रिकामं राहतं.

तपासणी चौथी: दाणे

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत.

परसात येणाऱ्या पक्ष्यांपैकी दाणे टिपणारे मोजके: चिमण्या, मुनिया, होले, पारवे, पोपट. बुलबुल, तांबट, कोकीळ फळांवर जगतात. शिंजीर मधावर. दयाळ, शिंपी, नाचण, कोतवाल, वेडा राघू यांना दाण्याशी देणंघेणं नाही, ते किडे खातात. तुम्ही दहा किलो बाजरी ओतली तरी शिंपी येणार नाही. येणार ते पारवे.

एकदा आले की ते जात नाहीत, याचंही कारण आहे. चिमणी स्वतः दाणे खाते पण पिलांना अळ्या-किडे भरवते. शिंजीर मध पितो, पिलांना कोळी आणि बारीक किडे देतो. पारव्याला त्याची गरजच नसते. नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दह्यासारखं एक द्रव्य तयार होतं, त्यावर पिलं वाढतात. म्हणजे ज्या आवारात किडा म्हणून उरलेला नाही आणि दाणा भरपूर आहे, तिथे पारव्याचं कुटुंब मजेत वाढतं, चिमणीचं उपाशी राहतं. लोक चिमणीसाठी दाणे टाकतात आणि पारवे पोसतात.

पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत छातीत गेली तर फुप्फुसांना सूज येऊन कायमचा त्रास जडू शकतो. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये मुंबईत जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी हीच काळजी होती. घरात दमेकरी असेल तर पारव्यांच्या बाबतीत दयामाया दाखवू नका.

उपाय फुकट आहे, पण जड जातो: दाणे पूर्ण बंद, तीन आठवडे. पाणी चालू ठेवा. पहिला आठवडाभर पारवे कठड्यावर बसून तुमच्याकडे रोखून बघतील, आणि घरातलं कोणीतरी 'मुकी जनावरं आहेत' म्हणून गुपचूप मूठ टाकेल. आमच्याकडे सासूबाई टाकायच्या. तेव्हा आधी घरच्यांना विश्वासात घ्या. तीन आठवड्यांनी, हवंच असेल तर, राळे किंवा बारीक बाजरी दिवसाला दोन चमचे, तेही सकाळी. तासाभरात उरलं ते उचला. मोठा पारवा बसू शकणार नाही असा बारीक दांड्याचा टांगता फीडर असेल तर बरं.

ब्रेड, फरसाण, शेव हे कुणालाच नको. मीठ-तेलाचं माणसाला झेपत नाही तिथे वीस ग्रॅमच्या जिवाला काय झेपणार? शिजलेला भात उन्हात दोन-तीन तासांत आंबतो आणि उंदीर-घुशींना आमंत्रण देतो. कोरडा तांदूळ खाऊन पक्षी पोट फुगून मरतो, असं मात्र काही नाही, ती नुसती वदंता आहे. दाण्याऐवजी अर्धी पपई किंवा पिकलं केळं फांदीला खोचून बघा. बुलबुल दुसऱ्या दिवशी हजर होतो, कधी तांबटही उतरतो.

तपासणी पाचवी: काच

दोन वेगळी दुखणी आहेत. एकात पक्षी दिवसभर काचेवर, नाहीतर गाडीच्या आरशावर टोचा मारत राहतो. तो वेडा झालेला नसतो. विणीच्या दिवसांत त्याला आरशात दुसरा नर दिसतो आणि तो आपली हद्द राखत असतो. दयाळ आणि शिंजीर यात पटाईत. गाडीच्या आरशाला जुना मोजा घाला. खिडकीला वर्तमानपत्र लावा, पण बाहेरून. आतून लावलं तर काच आणखी चांगला आरसा होते. हे मी स्वतः करून बसलेय.

दुसरं दुखणं गंभीर: उडत येऊन धाडकन आपटणं. काचेत झाड आणि आकाश दिसतं आणि पक्षी त्यातच शिरतो. खिडकीपासून चार-पाच मीटरवर ठेवलेलं भांडं सर्वांत वाईट, कारण दचकून उडालेल्या पक्ष्याला काचेपर्यंत वेग घ्यायला नेमकं तेवढंच अंतर लागतं. एक तर भांडं काचेच्या एक मीटरच्या आत ठेवा, नाहीतर दहा मीटरच्या पलीकडे न्या. लहान परसात अर्थातच पहिलं. काचेवर बाहेरून खडूने किंवा साबणाच्या वडीने पाच-पाच सेंटिमीटरवर रेघा ओढा. घारीचं एकुलतं एक स्टिकर चिकटवून काही होत नाही. पक्षी त्याच्या शेजारून जातो.

तपासणी सहावी: रात्री कोण येतं?

भांडं सकाळी रिकामं दिसतं, त्याअर्थी कोणीतरी येऊन जातंय. जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा विकत घेण्याआधी रांगोळी घ्या. भांड्याभोवती हातभर रुंदीचा पातळ थर चाळणीने पसरा आणि सकाळी ठसे बघा. चार बोटं आणि नखांची खूण नाही, तर मांजर. चार बोटं आणि नखं, तर कुत्रं. पाच बोटं उमटली तर उदमांजर किंवा मुंगूस, पण मुंगूस दिवसा फिरतो, म्हणून रात्रीचा ठसा बहुधा उदमांजराचा. आवारात कठड्यावर किंवा फांदीखाली बियांनी भरलेली विष्ठा सापडली तर खात्रीच धरा. ते निरुपद्रवी आहे, फळं-उंदीर खातं, त्याला राहू द्या. जमिनीत मोठं भोक आणि तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असेल तर घूस. मग दाणे लगेच बंद, कारण घुशी-उंदरांच्या मागोमाग धामण येते, नागही येतो.

कॅमेरा लावलाच तर दोन गोष्टी. हे कॅमेरे हालचाल 'बघत' नाहीत, आसपासच्या उष्णतेतला फरक टिपतात. उन्हात तापलेलं हलतं पान समोर असेल तर हजारभर कोरे फोटो मिळतात, आणि वैशाखातल्या दुपारी भिंत जनावराच्या अंगाइतकीच तापली की समोरून मुंगूस गेला तरी कॅमेरा गप्प राहतो. गुडघ्याच्या उंचीला, उत्तरेकडे तोंड करून लावा, समोरचं गवत कापा. आणि तोंड शेजाऱ्यांच्या दाराकडे नको. माझ्याकडे त्यावरून एकदा चांगलंच वाजलंय.

तपासणी सातवी: परस स्वतः (खर्च कमी, वेळ एक-दोन वर्षं)

वरचं सगळं नीट असून वहीत दोन-तीनच जाती येत असतील, तर दोष परसातच आहे. आणि तो जवळजवळ नेहमी एकच असतो: अति स्वच्छता. फरशी घातलेली, कडेला ओळीने कुंड्या, पानगळ रोज झाडून जाळलेली, महिन्याला एकदा कीटकनाशकाचा फवारा. फोटोत सुरेख दिसतं. शिंप्याच्या दृष्टीने ते कुलूप लावलेलं वाण्याचं दुकान आहे.

माझं स्वतःचं परस २०१४ च्या सुमारास असंच झालं होतं. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला म्हणून मी माळ्याकडून दोन पावसाळे फवारणी करवून घेतली. ढेकूण गेला, त्याच्याबरोबर शिंजीर गेला, दयाळ गेला. मी भांडी बदलत बसले. फवारणी बंद केल्यावर पहिले सात-आठ महिने झाडांची अवस्था बघवत नव्हती. पुढच्या मार्चमध्ये शिंपी कढीपत्त्यात टूविट टूविट करत अळ्या वेचताना दिसला.

तर क्रम असा. पहिलं, फवारे बंद. मावा-ढेकूण फारच झाले तर पाण्याची जोरदार धार किंवा निंबोळी अर्क, तोही फुलांवर नाही. दुसरं, एक कोपरा झाडू नका. पालापाचोळा आळ्यात आणि कुंपणाकडेला पसरू द्या. सातभाई आणि दयाळ पानं उलटून खालचे किडे खातात. तिसरं, लावायचंच असेल तर एक झाड, दोन झुडपं आणि एक वेल, एवढं पुष्कळ. सिंगापूर चेरी वाढते झपाट्याने आणि वर्षभर काही ना काही फळ देते, तुती चालते, कढीपत्त्याची काळी फळं कोकीळ-बुलबुल सोडत नाहीत. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर येतो. जागा मोठी असेल तर पांगारा किंवा काटेसावर लावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिच्या लाल फुलांवर भोरड्या, साळुंक्या, कोतवाल अशी जत्रा भरते. उंबर मात्र घराच्या पायाजवळ नको, कितीही मोह झाला तरी. छाटणी मार्च ते ऑगस्ट करू नका, घरटी असतात.

मोबाइलवर पक्ष्याची शीळ वाजवून त्याला बोलवायची एक नवी टूम निघालीय. आवाज ओळखायला ॲप जरूर वापरा, पण वाजवून दाखवू नका. नराला वाटतं हद्दीत परका शिरलाय, मग तो खाणंपिणं सोडून त्याला शोधत बसतो.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

साप दिसला तर काठी नको, फोटोसाठी जवळ जाणं नको. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांतलं कोणतं आणि बिनविषारी कोणतं, हे घाईत भल्याभल्यांना ओळखता येत नाही. लांबून नजर ठेवा आणि सर्पमित्र किंवा वन विभागाला कळवा. राज्याच्या वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

बिबट्या, गवा, रानडुक्कर यांच्यापैकी काही दिसलं तरी तोच क्रमांक. दारं लावा आणि गटावर व्हिडिओ टाकू नका. ९ डिसेंबर २०२० ला कोथरूडमध्ये एक गवा शिरला होता. मागे धावणारी गर्दी, धावून दमलेलं जनावर, आणि पकडल्यानंतर त्याचा मृत्यू, हे सगळं आम्ही इथे जवळून पाहिलंय.

एकाच दिवशी दोन-तीन किंवा जास्त मेलेले कावळे, पारवे सापडले तर हात लावू नका, भांडी रिकामी करा, पशुसंवर्धन विभागाला कळवा. २०२१ च्या जानेवारीत परभणीतल्या कोंबड्या आणि मुंबई-ठाण्यातले कावळे बर्ड फ्लूने मेले, त्याची पहिली खूण हीच होती.

संक्रांतीच्या आसपास मांजात अडकलेला पक्षी सापडला तर मांजा ओढू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच नायलॉनच्या मांजावर बंदी घातली, तरी तो झाडांवर लटकतोच. पक्ष्याजवळचा दोरा कापा, जखमेत रुतलेला राहू द्या. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. पशुवैद्य किंवा वन्यजीव बचाव केंद्र गाठा. काचेवर आपटून बधिर झालेल्यालाही हेच, फक्त आधी तास-दोन तास खोक्यात शांत राहू द्या, पुष्कळदा तो आपोआप सावरतो. मेअखेर-जूनमध्ये कधी थकलेला नवरंग पक्षी घरात येऊन पडतो, त्यालाही तसंच. बरा झालेला पोपट मात्र 'आता आपला झाला' म्हणून पिंजऱ्यात ठेवू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

आणि एक जागा, जिथे जाणकारालाही बोलवायचं नाही. अंगावर पिसं आलेलं, आखूड शेपटीचं पिलू जमिनीवर टुणटुणत असेल तर ते हरवलेलं नाही, उडायला शिकतंय. आईबाप जवळच असतात. माणसाचा हात लागला की आई पिलू टाकते, हे खरं नाही. रस्त्यावर असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब व्हा. गेल्या मे महिन्यात दयाळाचं पिलू आमच्या तुळशी वृंदावनामागे दीड दिवस बसून होतं. मादी दर पाच-सात मिनिटांनी अळी आणून देत होती. माझं काम एवढंच, की कट्ट्यावर बसून शेजारच्या बोक्याला हाकलायचं. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला ते पेरूच्या खालच्या फांदीवर चढलं आणि मी चहा ठेवायला आत गेले.